बारा सेकंदांची जत्रा

आमचा एक पुतण्या ऑस्ट्रेलियात असतो. तिथे तो नेमके काय करतो हे मला अजून उमगलेले नाही. संगणकाशी काहीतरी संबंध आहे एवढे विचारल्यावर कळते, आणि पुढे विचारू नये हे त्याच्या चेहऱ्यावरून कळते. तर मागल्या वर्षी सप्टेंबरात त्याने मोबाइलवर काही फोटो पाठवले. लालभडक माती, क्षितिजापर्यंत नावाला झाड नाही, आणि त्या मातीत जिकडे पाहावे तिकडे तंबूच तंबू. खाली मजकूर होता : ‘काका, घोड्यांच्या शर्यती पाहायला आलो आहे. घरापासून दीड हजार किलोमीटरांहून लांब. तीन रात्री तंबूत मुक्काम. असलं काही तुमच्याकडे आहे का?’

गावाचे नाव बर्ड्सव्हिल. क्वीन्सलंड प्रांताच्या पार टोकाला, सिंप्सन वाळवंटाच्या काठावर. गावात राहणारी माणसे शंभराच्या आसपास. पण शर्यतींच्या दिवसांत तिथे हजारो लोक मोटारी घेऊन, नव्हे काहीजण स्वतःची विमाने घेऊनही उतरतात. १८८२ पासून हा प्रकार चालला आहे. जमणाऱ्या पैशातला काही भाग तिथल्या विमानातून फिरणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला जातो. म्हणजे माणसे घोडे पळवायला जमतात आणि त्यातून कुठल्यातरी दूरच्या वस्तीवरच्या आजाऱ्याला औषध मिळते. मला ही गोष्ट फार आवडली.

उत्तरादाखल मी लिहू लागलो, ‘आपल्याकडे मुंबईत महालक्ष्मीला रेसकोर्स आहे. ते १८८३ सालचे, म्हणजे तुझ्या बर्ड्सव्हिलपेक्षा एका वर्षाने धाकटे. पण तंबू ठोकून राहण्यासारखे आपल्याकडे काही नाही…’

‘नाही?’ मागून आवाज आला. आमच्या सौभाग्यवती चष्मा नसतानाही दुसऱ्याच्या मोबाइलवरचे बारीक अक्षर वाचू शकतात. ‘नाही काय? माझ्या माहेरी पौषात काय होतं मग?’

सौभाग्यवतींचे माहेर नगर जिल्ह्यातले, म्हणजे २०२४ पासूनच्या नव्या नावाने अहिल्यानगर जिल्ह्यातले. त्यातही पारनेर तालुका, आणि त्यातही पठार. पारनेर म्हटले की आपल्याला राळेगणसिद्धी आठवते, निघोजचे रांजणखळगे आठवतात, फार तर सेनापती बापटांचे जन्मगाव म्हणून शाळेतला धडा आठवतो. पण पठारावरच्या माणसाला आठवतो तो पिंपळगाव रोठ्याचा कोरठण खंडोबा. पौष पौर्णिमेला त्याची जत्रा भरते. मानाच्या काठ्या येतात, भंडारा उधळतो आणि बैलगाड्यांच्या शर्यती होतात.

‘चोवीस वर्षं सांगतेय, एकदा पौषात चला. दर वर्षी तुमचं काहीतरी असतंच.’

वाचकहो, चोवीस वर्षांचा हिशेब बायको मांडू लागली की माणसाने फार खोलात शिरू नये. मी पुतण्याला लिहिले, ‘आहे. पौषात कळवतो.’

*

घरात ठराव मांडला तेव्हा चिरंजीव एकदम तयार झाले. त्यांनी त्याच रात्री ‘दोन मिनिटांत उभा राहणारा तंबू’ घरपोच मागवला. प्रश्न कन्येचा होता. ती परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. १८८६ साली निघालेले ते कॉलेज. तिथे गेल्यापासून आमच्या घरी जेवणाच्या ताटावर कोणत्या विषयावर बोलणे निघेल याचा नेम राहिलेला नाही. तिने काटा-चमचा खाली ठेवला. (आमच्याकडे नूडल्स होते.)

‘मी मामाकडे येईन. शर्यतीला नाही येणार.’

‘अगं, मामाचाच गाडा आहे.’

‘म्हणूनच.’

प्रकरण जुने होते. शाळेत असताना तिने शर्यतीच्या बैलांविषयी कुठेसे वाचले होते. शेपट्या पिरगाळणे, दाताने चावणे, खिळे लावलेल्या काठ्या, विजेच्या बॅटरीचे झटके. मामाकडे गेल्यावर सगळ्यांच्या देखत तिने त्याला विचारले होते, ‘मामा, तूसुद्धा असं करतोस?’ मामा काही न बोलता उठून गोठ्यात गेला होता. त्यानंतर दोघांचे प्रेम होते तसेच राहिले, दिवाळीला तिची साडी यायची ती येतच राहिली. पण बैल हा विषय मामा-भाचीत पुन्हा निघाला नाही. घरातल्या काही खोल्यांना आपण कुलूप लावतो आणि बाकीच्या घरात सुखाने वावरतो, तशातला प्रकार.

शेवटी तिच्या आईने मध्यम मार्ग काढला. ‘शर्यत बघू नकोस. बैल बघ. तुझा अभ्यास होईल.’

*

कल्याणहून निघालो. मुरबाड मागे पडले, माळशेज घाट लागला. घाट चढून वर आल्यावर पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी सकाळच्या उन्हात चमकत होते. पुढे ओतूर, मग आळेफाटा. इथे पुणे-नाशिक रस्ता आडवा जातो, आणि चहा प्यावाच लागतो. मग बेल्हे, बैलांच्या बाजाराचे गाव. मग आणे, रंगदास स्वामींच्या यात्रेतल्या आमटी-भाकरीने नावारूपाला आलेले. आण्याचा घाट चढला की एकदम हवा बदलते. ऊस संपतो, केळी संपतात. उघडे माळ, दगडांचे बांध, मध्येच ज्वारीचा हिरवा तुकडा, आणि वाऱ्याला अडवायला काही म्हणजे काही नाही. पाऊस या बाजूला येताना रस्त्यातच दमतो. म्हणून तर इथली कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला पोटामागे गेली. पण पौष आला की मुंबईची माणसे याच माळाकडे परत वळतात. आमच्या पुढे-मागे धावणाऱ्या निम्म्या गाड्या मुंबई-ठाण्याच्याच होत्या.

थोरले मेहुणे देवस्थानाच्या अलीकडच्या माळावर वाट पाहत उभे होते. डोक्याला फेटा, अंगात स्वेटर, हातात मोबाइल. ‘या दाजी! चोवीस वर्षांनी का होईना, देवानं आणलं!’ म्हणजे हिशेब भावाकडेही होता.

माळावर एक गावच वसले होते. टेंपो, ट्रॅक्टर, जीपगाड्या उभ्या. त्यांच्या आडोशाला ताडपत्र्या बांधलेल्या. प्रत्येक ताडपत्रीखाली चूल, वळकट्या, कडब्याच्या पेंढ्या आणि दोन-चार बैल. शर्यतीचा बैल आता चालत येत नाही, टेंपोत उभा राहून येतो. पाहुणे मंडळी जमिनीवर बसतात आणि बैलाच्या अंगावर झूल असते. आपण कोणाच्या घरी पाहुणे आहोत हे अशाने लवकर समजते.

चिरंजीवांनी आपला तंबू काढला. तो खरोखरच दोन मिनिटांत उभा राहिला. शेजारच्या ताडपत्रीतले एक म्हातारे बाबा कौतुकाने सगळीकडून फिरून पाहून आले आणि म्हणाले, ‘झ्याक हाय. कोंबड्यांसाठी का?’

*

रात्री बाजरीची भाकरी, मासवडी आणि हुलग्याची शेंगोळी. मासवडीत मासा नसतो आणि तरीही ती मासवडीच असते हे मुंबईच्या माणसाला दर वेळी नव्याने पटवून द्यावे लागते. जेवणे झाली. पौर्णिमेचा चंद्र माथ्यावर आला होता. पठारावरची थंडी स्वेटरातून, शालीतून, आणि सौभाग्यवतींनी आग्रहाने घातलेल्या कानटोपीतूनही आत येत होती. लांब देवळाकडून ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ ऐकू येत होते. शेकोटीभोवती आम्ही बसलो आणि शेकोटीपलीकडे मामाची जोडी रवंथ करीत बसली होती. त्यांतला पांढराशुभ्र, लांब शिंगांचा खिल्लार तो सोन्या.

कन्या उठून सोन्याजवळ गेली. तिने त्याची पाठ चाचपली, शेपटी हातात घेऊन गाठीगाठीने पाहिली, डोळे पाहिले, खूर पाहिले. सगळे गप्प झाले. मामा निखाऱ्याकडे पाहत होता.

‘शेपटी साफ आहे,’ ती परत येऊन म्हणाली.

‘हो,’ मामा म्हणाला. मग जरा थांबून, ‘ह्याची साफ हाय. ह्याच्या आधीच्यांची नव्हती.’

कुलूप असे अचानक उघडले.

‘तू इचारलं व्हतं तेव्हा मी उठून गेलो. खरं सांगायचं तर, सगळं केलंय मी. शेपटी पिरगाळली, काठीला खिळा लावला. सगळेच लावायचे. आपला बैल मागं पडला तर गावात तोंड दाखवायचं कसं, एवढंच डोक्यात. २०१४ ला बंदी आली तेव्हा आम्ही गावकऱ्यांनी मोर्चे काढले. आणि तुझी आजी, तिनं देवापुढं साखर ठेवली. मला म्हणाली, मुकं जनावर सुटलं.’

ज्या वाचकांना हे प्रकरण वर्तमानपत्रात तुकड्या-तुकड्याने वाचून आठवत असेल त्यांच्यासाठी ते सलग सांगतो. २०११ साली केंद्र सरकारने खेळात न वापरायच्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतला जल्लीकट्टू आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती, दोन्ही बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली. त्याच वर्षी ऑगस्टात मुंबई उच्च न्यायालयाने ती वाट अडवली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अनामत रक्कम भरावी लागते, पशुवैद्यांचा दाखला लागतो. चाबूक, काठी, बॅटरी हातात दिसता कामा नये. बैलाला क्रूरपणे वागवल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

‘पण मधली सात वर्षं?’ चिरंजीवांनी विचारले.

‘मधली सात वर्षं हिरा व्हता आपल्याकडं,’ मामा म्हणाला. ‘तू लहान व्हतास, त्याच्या पाठीवर बसायचास. नांगराला ट्रॅक्टर आला व्हता, शर्यत बंद. बैलाला कामच नाय. लोकांनी विकले. आणि २०१५ ला बैल कापायची बंदी आली तेव्हापासून घ्यायलाही कोणी नाय. शेजारीपाजारी म्हणायचे, कशाला पोसतो? मला तरी कुठं ठाव व्हतं कशाला. सकाळी उठलो की गोठ्यात जायची सवय. २०२१ च्या कार्तिकात तो गेला. पुढच्याच महिन्यात कोर्टानं परवानगी दिली.’ त्याने एक काटकी निखाऱ्यात टाकली. ‘सात वर्षं एकदाही पळाला नाय. पण त्या सात वर्षांत मला बैल कळला. आधी फक्त शर्यत कळत व्हती.’

‘लोक म्हणतात, शर्यत नसेल तर खिल्लार कोण सांभाळील?’ मी विचारले. सुशिक्षित माणसाने शेकोटीपाशी असा एखादा प्रश्न विचारायचाच असतो.

‘ते खरंच आहे बाबा,’ कन्याच म्हणाली. ‘गोठ्यात बैल राहिला तर जात राहील. पण नियम कागदावर असतो आणि बैल माणसांच्या गर्दीत. गर्दीत कोणाचा हात कुठं जातो हे दाखला देणाऱ्या डॉक्टरला दिसत नाही.’

‘हातवाल्याला दिसतं,’ मामा म्हणाला.

रात्री थंडीने चिरंजीव कोंबड्यांच्या तंबूतून उठून ताडपत्रीखाली आले आणि कडब्यात, सोन्याच्या पाठीशी पाठ लावून झोपले.

*

सकाळी देवदर्शन. खंडोबा हा घोड्यावरचा देव. म्हाळसा एका बाजूला, बाणाई दुसऱ्या बाजूला, आणि खाली पिवळ्याधमक भंडाऱ्यात माखलेली आपण माणसे. उंचच उंच काठ्या नाचवत मिरवणुकी येत होत्या. सौभाग्यवतींनी मला कपाळभर भंडारा लावला आणि तो शर्टावरही सांडला. धुऊन निघत नाही. निघू नये असेच त्या म्हणतात.

मग घाट. घाट म्हणजे आपला माळशेज-खंडाळा नव्हे. चढणीवर बांधलेली मातीची धावपट्टी, तिला या भागात घाट म्हणतात. पुणे जिल्ह्यातल्या खेड, आंबेगाव, जुन्नरपासून इकडे पारनेरपर्यंत घाटातल्या शर्यतीची एकच रीत आहे. गाडा म्हणजे भरभक्कम बैलगाडी नव्हे, दोन चाकांचा हलका सांगाडा. त्याला चार बैल : एक जोडी गाड्याला, दुसरी तिच्या पुढे. गाड्यात हाकणारा कोणीही नसतो! खाली जुंपणारे बैलांना धरून उभे असतात, इशारा झाला की सोडतात, आणि वरच्या टोकाला दुसरी माणसे त्यांना आवरतात. मधला सगळा रस्ता बैलांचा.

आणि बैलांच्या पुढे घोडी! एक स्वार घोडीवर बसून गाड्याच्या पुढे सुसाट निघतो आणि त्या घोडीच्या ओढीने बैल धावतात. याला ‘घोडी धरणे’ म्हणतात. २०२२ च्या फेब्रुवारीत खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात खासदार अमोल कोल्हे यांनी अशी घोडी धरली होती. दूरचित्रवाणी मालिकेत छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका केलेल्या माणसाने दिलेला शब्द पाळला म्हणून त्या दिवशी गावोगावी चर्चा झाली. मागे चार बैल उधळलेले आणि पुढे आपण, हे नुसते मनात आणून पाहावे, म्हणजे ती चर्चा का झाली ते कळते.

एका धावेला म्हणतात बारी. दोन गाडे एकमेकांशी झुंजत नाहीत. एकामागून एक बारी सुटते आणि घड्याळ सेकंद मोजते, सेकंदाचे तुकडेही मोजते. बारा-तेरा सेकंदांत सगळे आटोपते. सर्वांत कमी वेळात जो घाट चढेल तो ‘घाटाचा राजा’. तर या बारा सेकंदांसाठी वर्षभर उडदाची डाळ, पेंड, दूध, अंडी. या बारा सेकंदांसाठी मुंबईहून रजा काढून आलेली माणसे. या बारा सेकंदांसाठी आमची चोवीस वर्षे!

‘आमच्या लहानपणी बायका घाटाजवळ जात नसत,’ सौभाग्यवती म्हणाल्या. ‘आम्ही तिकडं त्या टेकाडावरून बघायचो.’ आणि बोलता बोलता त्या गर्दी सारून सर्वांत पुढे जाऊन उभ्याही राहिल्या.

*

मामाच्या गाड्याला मामाची एक जोडी आणि भागीदाराची एक. चिठ्ठ्या निघाल्या होत्या, आमची बारी दुपारी. सकाळीच डॉक्टरांनी चारी बैल तपासले होते, दाखले झाले होते. ध्वनिक्षेपकावरून निवेदकाने पुकारा केला तशी बैल घेऊन मंडळी माळावरून घाटाकडे निघाली. पुढे हलगी, मागे सगळे नातेवाईक. कन्या बैलांच्या मागून चालत होती.

अर्ध्या वाटेत तिने मामाच्या बाहीला हात लावला.

‘मामा, सोन्या बघ. उजवा पुढचा पाय टेकला की मान वर उचलतोय.’

मला काहीच दिसत नव्हते. मामाने चार पावले पाहिली आणि तो थांबला. हलगी थांबली. पाय उचलून पाहिला तर खुरांच्या बेचक्यात दगडाची टोकदार कपची रुतली होती. माळावरची वाट, दुसरे काय. तिने ती हलकेच काढली. थोडे रक्त आले. सोन्या दोन पावले चालला. आता मान जेमतेम हलत होती.

‘निघाली की!’ भागीदार म्हणाले. ‘चला, पुकारा झालाय.’

‘आतून ठेचलं असेल,’ कन्या म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. चाळीस-पन्नास माणसे तिच्याकडे पाहत होती आणि त्यांतली निम्मी तिच्या नात्यातली होती. ‘दोन-तीन दिवस विश्रांती हवी. चढणीवर जोर लावला तर वाढेल.’

‘पोरी, बारा सेकंदांचं काम हाय! बारा सेकंदांत काय व्हतंय?’

भागीदारांचे काही चुकत नव्हते. त्यांचे बैल धडधाकट होते. वर्षभराचा खर्च त्यांचाही झाला होता. बदली बैल घालावा तर त्याचा दाखला नाही. सोन्या थांबला म्हणजे चौघे थांबले. निवेदकाने दुसऱ्यांदा नाव पुकारले. लांबून गर्दीचा गलका ऐकू येत होता. मी मामाच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यावर एका क्षणी सगळे दिसून गेले : गाव, मान, फेटा, हिरा, आणि उठून गोठ्यात गेलेला तो दिवस.

‘बारा सेकंदांत काय होत नसतं,’ तो हळू म्हणाला, ‘तर आपण बारा महिने कशाला करतो?’

त्याने सोन्याचा कासरा हाताला गुंडाळला आणि बैल मागे वळवला. चिरंजीवांना निवेदकाकडे पिटाळले. थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावर आमची बारी रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि लगेच पुढचे नाव पुकारले गेले. जत्रा कोणासाठी थांबत नसते.

भागीदार आपली जोडी घेऊन न बोलता निघून गेले. मामा-भाची ताडपत्रीखाली बसून मिठाच्या कोमट पाण्याने सोन्याचा पाय शेकत राहिली. मी जवळ जाऊन काहीतरी बोलणार होतो. सौभाग्यवतींनी मला डोळ्यांनीच थांबवले.

तासाभराने कन्या हात पुसत उठली. ‘मामा, तू इथं थांब. मी जरा घाटाकडे जाऊन येते.’

‘शर्यत बघायला?’

‘बैल बघायला,’ ती म्हणाली. मग हसली. ‘आणि शर्यत.’

ती दिवस मावळेपर्यंत तिथेच उभी होती. आईच्या शेजारी, सर्वांत पुढे. परत आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता.

*

रात्री भागीदार आले. हातात गोडीशेवेचा पुडा होता. कोणी काही विचारले नाही, त्यांनी काही सांगितले नाही. सोन्याजवळ उकिडवे बसून त्यांनी त्याचा पाय उचलून पाहिला, पुन्हा ठेवला, आणि शेव सगळ्यांच्या हातावर ठेवली. ‘सुजलाय की जरा,’ ते म्हणाले. ‘पळाला असता तर वर जाऊन बसलाच असता.’ मामाने त्यांच्यापुढे भाकरीचे ताट सरकवले. आमच्याकडे दिलगिरी अशी ताटातून व्यक्त होते.

सकाळी निघताना दोन मिनिटांत उभा राहणारा तंबू पाऊण तास मिटला नाही. शेवटी शेजारच्या बाबांना देऊन टाकला. त्यांच्या कोंबड्या सुखात आहेत असे मामाच्या फोनवरून कळते. सोन्याही बरा आहे. चौथ्या दिवशी तो मान न हलवता चालू लागला आणि तसा व्हिडिओ मामाने भाचीला पाठवला. आता आठवड्यातून एकदा तरी मामाचा व्हिडिओ येतो, आणि कधी शेजाऱ्याच्या गाईचा, कधी कोणाच्या म्हशीचा सल्ला विचारला जातो. बर्ड्सव्हिलला शर्यतीमुळे डॉक्टर उडत येतो. आमच्याकडे न झालेल्या शर्यतीमुळे पठाराला एक निम्मी-शिकलेली डॉक्टरीण फोनवर मिळाली.

घरी आल्यावर मी पुतण्याला फोटो पाठवले : माळ, ताडपत्र्या, भंडारा, घोडी, सोन्या. त्याचा लगेच उलट प्रश्न : ‘वा काका! मग मामांचा गाडा कितवा आला?’

मी बराच वेळ विचार केला. मग लिहिले, ‘आमचा गाडा पळालाच नाही. पुढच्या पौषात ये. तंबू आणू नकोस, कडबा भरपूर आहे.’